पाणी सरकतं तसा बाजार सरकतो

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाचं नाथसागराशी, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाशी, रोजचं नातं आहे, पण ते नळापुरतं. पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणहून पाणी येतं. ते किती दिवसांआड येतं यावर गल्लीत बोलणं होतं, आणि पावसाळ्यात धरण किती टक्के भरलं हा आकडा घरोघरी पाठ असतो. त्याच पाण्यात मासे आहेत, ते धरणारी माणसं आहेत, आणि रोज पहाटे काठावर एक बाजार भरून ऊन चढायच्या आत उठूनही जातो, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

माझं माहेर शाकाहारी. लग्नानंतर मासे खायला शिकले, रांधायलाही शिकले, पण बाजारातून आणायचं काम घरातल्या मोठ्यांकडे होतं. ते माझ्याकडे आलं तेव्हा मी विक्रेत्याला सहज विचारलं, की हा रोहू कुठला? तो म्हणाला, "आंध्रचा माल आहे, ताई." पलीकडच्या पाटीवरचा कटला? तोही आंध्रचा. मग नाथसागरातला मासा? "तो पाहिजे तर पहाटे धरणावर जावं लागतं. इथं येतो, पण थोडा." आपण पाणी पैठणचं पितो आणि मासा आंध्रच्या तळ्यातला, बर्फात शेकडो कोस प्रवास करून आलेला खातो, हे तेव्हापासून मनातून जाईना. माझ्या यजमानांच्या कचेरीत भोई समाजातले एक सहकारी आहेत. त्यांचे मामा अजून पाण्यावर आहेत, असं कळलं. माघातल्या एका पहाटे आम्ही त्यांच्या मागोमाग निघालो.

बिडकीन, ढोरकीन अंधारातच मागे पडलं. पैठणच्या अलीकडे गाडी आतल्या रस्त्याला वळली, तो रस्ता बैलगाडीवाटेला मिळाला आणि ती वाट एका हरभऱ्याच्या शेतात संपली. मी बाजार शोधत होते. निदान एखादी शेड, दिव्याचा खांब, ओटा. समोर दवाने भिजलेला हरभरा, त्यापलीकडे चिखलाचा पट्टा आणि त्यापलीकडे काळं पाणी. चार-सहा मोटारसायकली त्यांच्या दिव्यांची तोंडं पाण्याकडे करून उभ्या होत्या. मागच्या सीटवर थर्माकोलचे खोके बांधलेले. एक पिकअप होती आणि तिच्यात बर्फ फोडायचा आवाज चालला होता. बाजार तो हाच.

"इथं ओटा नाही बांधला कधी?" मी मामांना विचारलं.

"कुठं बांधता? श्रावण-भादव्यात तुम्ही उभ्या आहेत ना, तिथं दोन पुरुष पाणी असतं. पाणी उतरलं की आम्ही बी उतरतो. उन्हाळ्यात या, मग आणखी लांब चालावं लागंल."

ज्या शेतातून आम्ही आलो ते गाळपेराचं होतं. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर हरभरा, गहू घेतात आणि पुढच्या पावसाळ्यात ती जमीन पुन्हा पाण्याखाली जाते. म्हणजे शेत सरकतं, काठ सरकतो आणि त्याच्याबरोबर बाजारही सरकतो. वर्षभर एका जागी न राहणारा बाजार मी पहिल्यांदाच बघत होते. कुठे उभं राहायचं हेसुद्धा मला कळत नव्हतं. ओल्या चिखलात पाय रुतत होते आणि थंड वारा पाण्यावरून सरळ अंगावर येत होता.

मामांनी बोलता बोलता जे सांगितलं त्याने डोक्यात थोडा उजेड पडला. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. धरणाच्या भिंतीची लांबी जवळजवळ दहा किलोमीटर, दरवाजे २७, आणि मागे सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा जलाशय. हे आकडे शाळेत आम्हीही लिहिले होते. मामांकडे त्या आकड्यांची दुसरी बाजू होती. त्यांच्या वडिलांच्या काळी इथे नदी होती. भोयांचं काम नदीवर वर्षभर बदलत जायचं. पावसाळ्यात नाव चालवून माणसं पैलतीरी न्यायची, पाणी उतरलं की डोहात जाळी टाकायची, उन्हाळ्यात वाळवंटात टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावायच्या, आणि घरी फुटाण्याची भट्टी असायचीच. डोह कुठे खोल आहे, कोणत्या दरडीखाली वांब बसते, हे बापाने पोराला दाखवायचं. धरण भरलं आणि ते डोह, त्या दरडी, ती वाळू सगळं एकदम खाली गेलं. वर आलं ते समुद्रासारखं पाणी. "नदीचं शहाणपण त्यात चालंना," मामा म्हणाले. नवी जाळी, नव्या नावा, वाऱ्याची नवी भीती, सगळं पुन्हा शिकावं लागलं. नाथसागरात वारा सुटला की लाट मोठी उठते, आणि हे लोक जातात ते थर्माकोलच्या तराफ्यावर.

तो तराफा मी त्या पहाटे जवळून पाहिला. थर्माकोलचे जाड ठोकळे एकाला एक बांधून त्यावर ताडपत्री आवळलेली. त्यावर एक माणूस उकिडवा बसतो आणि हातातल्या दोन छोट्या फळ्यांनी पाणी मागे सारत येतो. अंधारातून आधी तो पाण्याचा आवाज आला, मग माणूस दिसला. पत्र्याच्या एक-दोन होड्याही होत्या, पण बहुतेक तराफेच. अंगात बचावाचं जाकीट कुणाच्याच नव्हतं. संध्याकाळी जाळं लावून यायचं आणि पहाटे तीनच्या सुमारास ते उचलायला जायचं, असा नेम. चांदणं असलं की मासा जाळं ओळखतो, त्यामुळे अमावस्येच्या आसपास माल जास्त. आणि थंडीत मासा खाली बसतो, हालत नाही, म्हणून माघातल्या बाजारात गर्दी कमी. मी गर्दी कमी असलेल्या दिवशी गेले आणि तरीही माझं डोकं गरगरलं.

कारण सगळं फार झपाट्याने होत होतं. तराफा टेकला की दोन बायका पुढे व्हायच्या, जाळ्यात गुंतलेला मासा बोटांनी सोडवायच्या आणि न बघता वेगवेगळ्या घमेल्यांत टाकायच्या. हे जाळं नायलॉनच्या एकाच पारदर्शक धाग्याचं, तिथे त्याला तंगूस म्हणतात. माझ्या हातात दिलं तेव्हा ते दिसतही नव्हतं, फक्त बोटाला लागत होतं. घमेलं भरलं की काट्यावर. काट्याजवळ तुळशीची माळ घातलेले एक म्हातारे गृहस्थ वही घेऊन बसले होते. माळ घातल्यापासून ते स्वतः मासा खात नाहीत. मुलं पाण्यावर जातात, हिशेब ते लिहितात. एकनाथांच्या पैठणाजवळ हे मला मुळीच विसंगत वाटलं नाही.

मला लिलावाचा आरडाओरडा ऐकायची अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. व्यापारी घमेल्याकडे बघायचा, एक आकडा पुटपुटायचा, वहीत नोंद व्हायची, माल बर्फात. भाव कोण ठरवतं? मी एका मावशींना विचारलं. त्या मासे सोडवता सोडवता म्हणाल्या, "भाव रातीच फोनवर ठरतो ताई. शहरात आंध्रची गाडी किती आली, त्यावर आमचा भाव." मग आवाज खाली आणून त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. जाळ्याला, तराफ्याला, घरातल्या लग्नाला व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते. ज्याची उचल त्यालाच माल. दुसरा कुणी चार रुपये जास्त देत असला तरी त्याला घालता येत नाही. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. रात्रभर थंडीत पाण्यावर राहणारा माणूस आपल्या मालाचा भाव सांगत नाही, तो ऐकून घेतो.

मोठ्या मरळी आणि वांबी मात्र बाजूला ठेवल्या होत्या. त्यांच्यासाठी दोघा-तिघांत खरी चढाओढ लागली. मरळ घमेल्यात बराच वेळ जिवंत असते, कारण ती कल्ल्यांशिवाय वरची हवाही घेऊ शकते. म्हणून ती पाण्याच्या भांड्यात घालून जिवंतच शहरात नेता येते आणि जिवंत माशाला गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं. तिला काटे कमी, त्यामुळे आजाऱ्याला, बाळंतिणीला मरळीचा रस्सा देतात. वांब सापासारखी लांब असते. तिला हात लावायला मी धजले नाही. मावशींनी ती मानेमागे धरून सहज उचलली.

मला सगळे मासे सारखेच दिसत होते. चंदेरी, खवल्यांचे, तोंड उघडं. मावशींचं मला शिकवणं तिथून सुरू झालं, आणि त्या पहाटेचा माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा भाग तोच. "रंग बघू नका," त्या म्हणाल्या, "तोंड बघा." कटल्याचं डोकं अंगापेक्षा मोठं वाटावं असं, आणि तोंड वरच्या बाजूला वळलेलं. कारण तो पाण्याच्या वरच्या थरातलं खातो. रोहूचा ओठ खालचा, जरा झालरीसारखा, परांवर लालसर झाक. तो मधल्या थरात फिरतो. मृगळ अंगाने सडपातळ, तोंड पार खाली, कारण तो तळातल्या गाळातलं वेचतो. एकाच पाण्यात तिघे राहतात आणि एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. म्हणून तलावात सोडतानाही हे तिन्ही एकत्र सोडतात. ही गोष्ट पुस्तकात वाचली असती तर विसरले असते. हातात तीन थंडगार तोंडं धरून बघितल्यावर आता विसरणं शक्य नाही.

सोडतात, हा शब्द ऐकून मी थबकले. धरणात मासे सोडावे का लागतात? पाणी आहे, मासे आहेत, ते वाढतीलच की. मामांनी मान हलवली. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या पाण्याचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर आला की त्या वेगात त्यांची मादी अंडी घालते. साचलेल्या पाण्यात ती अंडी धरते, पण घालत नाही. जलाशयाच्या वरच्या अंगाला, जिथे पुराचं पाणी आत येतं, तिथे थोडंफार जमलं तर जमलं. एरवी बीज बाहेरून आणावं लागतं.

हे बीज माणसाच्या हाती कसं आलं, ही गोष्ट आपल्या देशाने अभिमानाने सांगावी अशी आहे. पूर्वी पूर आलेल्या नद्यांतून अंडी-पिल्लं गाळून गोळा करायचे. त्यात कोणता मासा किती, याचा पत्ता नसायचा. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं. मादीला पूर आल्याचा निरोप शरीराच्या आतूनच मिळाला. त्यानंतर तलावातलं मत्स्यपालन देशभर पसरलं, आणि १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळला जातो. अंड्यातून निघालेलं ते मत्स्यजिरे, थोडं वाढलं की मत्स्यबीज आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. बोटुकली झाल्यावरच ती मोठ्या पाण्यात सोडतात, नाहीतर दुसरे मासे खाऊन टाकतात. पैठणला मत्स्यबीज केंद्र आहे. शहरातून पैठणला पैठणी बघायला, नाथांच्या दर्शनाला, ज्ञानेश्वर उद्यानात मुलांना घेऊन आपण जातो. त्या केंद्राची वाट मी आजवर कुणाला विचारताना ऐकली नाही.

चिलापीला हे काहीच लागत नाही. १९५२ साली आफ्रिकेतला हा तिलापिया भारतात आणला गेला. साचलेल्या पाण्यात, वर्षातून अनेकदा, आपली आपण वीण करतो. मादी अंडी तोंडात सांभाळते. त्या दिवशीच्या घमेल्यांत सगळ्यात जास्त भरणा चिलापीचा होता आणि सगळ्यात कमी भाव तिलाच. मामा तिच्यावर रागावलेले: दुसऱ्यांची अंडी खाते, जागा बळकावते. मावशींचं मत निराळं. "ती हाय म्हणून चूल पेटते. मोठा मासा रोज कुठं लागतो?" दोघांचंही खरं आहे असं मला वाटलं, आणि आजही त्यात डावं-उजवं करता येत नाही.

उजाडू लागलं तसं पाण्याचा विस्तार दिसू लागला. पलीकडचा काठ दिसत नव्हता. दूरवर पाण्याच्या कडेला एक फिकट गुलाबी रेघ होती. ते रोहित पक्षी होते. १९८६ पासून हा परिसर पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात इथे पट्टकादंब हंसांपासून बदकांपर्यंत हजारो पाहुणे येतात. पक्षीप्रेमींच्या गाड्या ज्या रस्त्याने येतात त्याच रस्त्याने मासळीच्या मोटारसायकली जातात, पण दोघांची एकमेकांशी ओळख नसते.

त्याच उजेडात मला शेवटचे दोन क्रेट दिसले. त्यांत तळहाताएवढे मासे होते. मी आत्ताच शिकलेल्या धड्याप्रमाणे तोंडं पाहिली. वर वळलेली, खाली वळलेली, झालरीची. चिलापी नव्हती ती. रोहू, कटला, मृगळ यांची पिल्लं होती. मामांचा चेहरा उतरला. "हे दोन बोटांच्या जाळ्याचं काम. आमचा बाप चार बोटांच्या खाली जाळं विणत नव्हता." जाळ्याचं भोक किती बोटांचं, यावर कोणता मासा अडकतो आणि कोणता निसटतो हे ठरतं. भोक मोठं असलं की लहान मासा निघून जातो आणि वर्षभराने किलो-दोन किलोचा होऊन परत येतो. भोक लहान केलं की आजचं घमेलं भरतं. बीज सोडण्यावर झालेला खर्च, बोटुकली जगवण्याची मेहनत, सगळं त्या क्रेटमध्ये तळहाताएवढं होऊन पडलेलं होतं. ज्याने ते आणलं तो विशीतला मुलगा होता. त्याच्यावर उचल होती. त्याला बोल लावायला माझी जीभ वळली नाही.

दुष्काळात तर हे आणखी बिघडतं. नाथसागराची क्षमता सुमारे १०२ टीएमसी, त्यातला २६ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात गेलं होतं. शहराने तेव्हा टँकर मोजले. इथे काय झालं ते मामांनी सांगितलं: पाणी आटलं की मासा एका जागी कोंडतो, सुरुवातीला जाळी फाटेस्तोवर सापडतो, भाव कोसळतो, लहान-मोठं सगळं निघतं, आणि मग पुढची दोन वर्षं हात रिकामे. शेतकऱ्याचं पीक गेलं की पंचनामा होतो. पाण्यावरच्या माणसाचं काय गेलं हे मोजायला काठावर कुणी येत नाही.

आम्ही एक रोहू आणि एक मरळ घेतली. कल्ले लालभडक, डोळा फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबलं तर मांस लगेच वर येणारं, या तीन खुणा मावशींनी माझ्याकडून वदवून घेतल्या. धरणाच्या माशाला कधी मातकट वास येतो. तो पाण्यातल्या शेवाळामुळे आणि सूक्ष्म जिवाणूंमुळे मांसात उतरतो, मासा शिळा असल्यामुळे नव्हे. मीठ-हळद आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवलं की जातो. भाजलेलं खोबरं, भरपूर लसूण, काळा मसाला, आणि सोबत ज्वारीची भाकरी. रोहूला काटे बारीक आणि दुफाटे असतात, मुलांना देताना बोटांनी चाचपून द्यावेत. त्या रश्श्याची चव बर्फातून आलेल्या माशाला नाही, हे मी खात्रीने सांगते.

सगळ्यांनी उठून पहाटे काठावर जावं, असं मी म्हणणार नाही. पण शहरात मासा घेताना विक्रेत्याला विचारा, की नाथसागराचा आहे का. दहा जणांनी विचारलं तर तो मागवू लागेल, आणि मागणी वाढली तर काठावरच्या माणसाला भाव सांगायला थोडं बळ येईल. आणि पाटीवर तळहाताएवढा रोहू, कटला, मृगळ दिसला तर, कितीही स्वस्त असला तरी, घेऊ नका. लहान मासाच हवा असेल तर चिलापी घ्या. ती भरपूर आहे.